सात सेकंदांचा तुकडा: म्युझिक व्हिडिओ पुरस्कारांच्या थेट प्रक्षेपणातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दरवर्षी एका रात्री थेट दाखवल्या जाणाऱ्या म्युझिक व्हिडिओ पुरस्कार सोहळ्याच्या टीममध्ये मी काम करत होते. माझा विभाग स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस, बोलण्यात एस अँड पी. पडद्यावर जे जाणार आहे ते नियमात बसतं का आणि कुणाला त्यातून इजा होणार नाही ना, हे आधी पाहायचं. इथे सांगतेय त्या वर्षीची नावं, ठिकाण आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण शिकण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे.

अशा सोहळ्यांचा साचा जुना आहे. एमटीव्ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली आणि १४ सप्टेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तिने पहिले व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्स दिले. गायकासोबत दिग्दर्शक, संकलक, छायालेखक, नृत्यदिग्दर्शक आणि स्पेशल इफेक्ट्सवाले यांनाही बक्षीस द्यायचं, हे त्या पहिल्या वर्षापासून होतं. आमच्या सोहळ्यातही लोकप्रिय विभागांचं मतदान प्रेक्षकांकडे होतं आणि या कारागिरीच्या विभागांचा निकाल परीक्षकांकडे. प्रत्येक विभागात पाच नामांकनं. विजेत्याचं नाव जाहीर होण्याआधी पाचही व्हिडिओंची एक एव्ही, म्हणजे छोटी चित्रफीत, चालायची आणि तीत प्रत्येकाच्या वाट्याला सात सेकंद यायचे. ज्या माणसाने चार महिने रात्री जागून तीन मिनिटांचं काम उभं केलं, त्याच्यासाठी ते सात सेकंदच टीव्हीवरची ओळख असतात. म्हणून ते कुठले असावेत यावरून दरवर्षी वाद होतात, आणि ते व्हावेतही.

अडचण

सोहळा शनिवारी होता. गुरुवारी संध्याकाळी ऑनलाइन एडिटरने, म्हणजे प्रसारणासाठीचं अंतिम संकलन करणारीने, मला खाली बोलावलं. इफेक्ट्स विभागाची एव्ही हार्डिंग टेस्टमध्ये फेल झाली होती.

ही टेस्ट म्हणजे एक सॉफ्टवेअर. ते व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने तपासतं आणि प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या माणसाला झटका येऊ शकेल अशा चमका किंवा पट्टे त्यात आहेत का ते सांगतं. नियमाचा गाभा लक्षात ठेवायला सोपा आहे: एका सेकंदात तीनपेक्षा जास्त चमका नकोत, विशेषतः त्या पडद्याच्या पाव भागाहून अधिक जागेवर असतील तर. गडद लाल रंगाची चमक वेगळी मोजतात, कारण तो रंग उजेड कमी असला तरी त्रास देतो.

नामांकन मिळालेला तो व्हिडिओ एका वादळी रात्रीचा होता. गाण्यातल्या मुलीला आठवतं ते सगळं वीज चमकेल तेवढ्यापुरतंच दिसतं आणि मधला वेळ पूर्ण अंधार असतो. शेवटच्या कडव्यात विजा ढोलाच्या ठेक्यावर येतात. एक फ्रेम पांढरी, एक काळी. पंचवीस फ्रेमच्या सेकंदात साधारण १२ चमका, पूर्ण पडदाभर, आणि अध्येमध्ये एक लाल. आमच्या एडिटरने सात सेकंद नेमके तिथलेच उचलले होते. तिचं काहीच चुकलं नव्हतं. इफेक्टसाठी नामांकन आहे, तर इफेक्ट जिथे सर्वांत जोरकस आहे तोच तुकडा घ्यायला हवा.

आकडा ऐकल्यावर मला लगेच १६ डिसेंबर १९९७ची जपानमधली रात्र आठवली. आमच्या कामातल्या प्रत्येकाला ती तारीख पाठ असते. टीव्हीवरच्या एका लोकप्रिय कार्टून मालिकेत काही सेकंद लाल-निळ्या चमका दाखवल्या गेल्या, सेकंदाला साधारण १२. त्या संध्याकाळी ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, आणि त्यात बहुतेक मुलं होती. मालिका चार महिने बंद राहिली. त्याआधी १९९३मध्ये ब्रिटनमध्ये नूडल्सच्या एका जाहिरातीने तीन प्रेक्षकांना झटके आले होते, आणि तिथले चमकांचे नियम त्यानंतर आले. म्हणजे आमच्या एव्हीचा वेग आणि जपानच्या त्या तुकड्याचा वेग जवळपास सारखाच होता.

हा आजार असलेली माणसं फार नाहीत. ढोबळ अंदाज चार हजारांत एक असा सांगतात, आणि अपस्मार असलेल्यांपैकीही सुमारे ३ टक्केच प्रकाशाला संवेदनशील असतात. पण तो बहुधा ७ ते १९ या वयात डोकं वर काढतो. म्युझिक व्हिडिओचे पुरस्कार रात्री जागून कोण पाहतं? याच वयाची मुलं. आणि त्यांच्यातल्या अनेकांना आपल्याला हा त्रास आहे हे पहिला झटका येईपर्यंत माहीतच नसतं. 'ज्यांना त्रास आहे त्यांनी बघू नये' एवढं म्हणून मला गप्प बसता येत नाही, त्याचं कारण हेच.

रात्री उशिरा आणखी एक गोष्ट लक्षात आली. तीच गायिका सोहळ्यात तेच गाणं सादर करणार होती, शेवटून दुसऱ्या क्रमांकावर. तिच्या टूरच्या लाइटिंग टीमने व्हिडिओतलं वादळ मंचावर उभं केलं होतं: मागे एलईडी वॉल, वर आणि बाजूला स्ट्रोब, म्हणजे झपाट्याने उघडझाप करणारे प्रखर दिवे. एव्ही तर आमच्या हातात होती, ती कापता आली असती. मंचावर जे घडणार ते थेट जाणार होतं.

समोरचे पर्याय

शुक्रवारी सकाळी बैठक बसली. कार्यकारी निर्माता, शोचा दिग्दर्शक, ऑनलाइन एडिटर, आमचा लाइटिंग डिझायनर आणि मी. व्हिडिओचा दिग्दर्शक फोनवर होता. बैठकीला कुणाला बोलवायचं ती यादी मी केली होती. हे इथेच नोंदवते, पुढे त्याचा संबंध येतो.

पहिला पर्याय होता तुकडा तसाच ठेवायचा आणि आधी सूचना दाखवायची. व्हिडिओच्या दिग्दर्शकाचं म्हणणं सरळ होतं: 'इंटरनेटवर माझा व्हिडिओ सूचनेसह आहे आणि लाखो लोकांनी पाहिलाय, मग इथेच का नको?' प्रश्न रास्त आहे. इंटरनेटवरचे व्हिडिओही यातून सुटलेले नाहीत. २०११मध्ये एका बड्या रॅप कलाकाराच्या व्हिडिओवर ब्रिटनमधल्या एपिलेप्सी ॲक्शन या संस्थेने आक्षेप घेतला, तेव्हा त्यालाही सूचना जोडावी लागली. पण इंटरनेटवर माणूस स्वतः क्लिक करतो, सूचना वाचतो, मग पुढे जातो. घरात टीव्ही चालू असतो आणि एखादं पोर पाणी प्यायला उठून नेमकं त्याच क्षणी दारात येऊन उभं राहतं. त्याने सूचना पाहिलेलीच नसते. शिवाय टेस्टमध्ये फेल झालेला तुकडा नुसत्या सूचनेवर सोडायला आमच्या वाहिनीचा नियमच परवानगी देत नव्हता. तरीही पर्यायावर बोललो, कारण एका कलाकाराला नाही म्हणायचं तर त्याचं म्हणणं ऐकून म्हणावं.

दुसरा पर्याय, तुकडाच बदलायचा. पहिल्या कडव्यात पावसाचा एक संथ, फार सुंदर शॉट होता आणि तो टेस्टमध्ये पास झाला असता. पण तो इफेक्ट नव्हताच, खरा पाऊस होता. इतर चौघांचं सर्वोत्तम काम दाखवायचं आणि याचं भलतंच, यात अन्याय होता. परीक्षकांची मतं तीन आठवड्यांपूर्वी बंद झाली होती, त्यामुळे निकालावर काही परिणाम होणार नव्हता, हे खरं. पण निकालावर परिणाम नाही म्हणून अन्याय कमी होतो, असं मला वाटत नाही.

तिसरा पर्याय तांत्रिक होता: उजेड उतरवायचा, कॉन्ट्रास्ट मारायचा, चमका राखाडी करायच्या. सॉफ्टवेअरला पटेपर्यंत चित्र मळवत न्यायचं. एडिटरने दहा मिनिटांत एक नमुना करून दाखवला. तो पास झाला. तो पाहून फोनवर बराच वेळ शांतता होती, मग दिग्दर्शक म्हणाला, 'यापेक्षा माझं नाव आणि काळा पडदा दाखवा.'

चौथा पर्याय शोच्या दिग्दर्शकाने सुचवला. व्हिडिओ ग्राफिकच्या चौकटीत लहान करून दाखवायचा, पडद्याच्या पाव भागापेक्षा कमी जागेत. नियमाच्या अक्षराला धरून हे चाललं असतं. मी त्याला विरोध केला. माणूस टीव्हीपासून किती अंतरावर बसलाय यावर चौकट त्याला किती मोठी दिसते ते ठरतं, आणि तुकड्यात लाल होता. पाचव्या, म्हणजे पाचही नामांकनांची नुसती स्थिरचित्रं दाखवण्याच्या, पर्यायावर कुणीच फार वेळ घालवला नाही. व्हिडिओंच्या पुरस्कारात व्हिडिओ न दाखवणं कुणालाच पटलं नाही.

बैठक इथे अडकली. वाट काढली ती व्हिडिओच्या दिग्दर्शकानेच. त्याने विचारलं, 'मला मोजून सांगा, सेकंदाला किती चालतील?' मी म्हटलं, तीन, त्याहून एकही जास्त नको. तो म्हणाला, 'मग मला दुपारपर्यंत वेळ द्या, तुकडा मीच कापून देतो.'

या ठिकाणी मी थोडी थांबते, कारण संपूर्ण प्रकरणात मला महत्त्वाचा वाटतो तो हा क्षण. तोवर आम्ही त्याला आमचे निर्णय ऐकवत होतो. मर्यादा काय आहे हे आकड्यात कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. 'चमका फार आहेत', 'वाहिनीला चालणार नाही', 'धोका आहे' असलीच वाक्यं तो सकाळपासून ऐकत होता, आणि असल्या वाक्यांवर कलाकाराला फक्त चिडता येतं. आकडा मिळाला की त्याला त्यात काम करता येतं. ठेक्यात बसवून चित्र कापणाऱ्याला सेकंदाला तीन ही मर्यादा म्हणजे आणखी एक ठेका आहे.

काय केलं

त्याने विजेच्या प्रत्येक चमकेतली एक-एक फ्रेम उचलली आणि ती धरून ठेवली. मूळ व्हिडिओत ती फ्रेम डोळ्यांसमोर सेकंदाचा पंचविसावा भाग असते. तिच्यात काय आहे हे आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं: हवेत थांबलेला पाण्याचा पडदा, त्यात उमटलेला एक चेहरा, केसांच्या टोकांवरचे थेंब. हे सगळं हाताने रचलेलं होतं, एकेक थर. मधली काळी फ्रेम काढून त्याने एका चित्रातून दुसरं विरघळवत नेलं.

पहिली आवृत्ती फेल झाली. एका सेकंदात चार चमका निघाल्या. दुसऱ्या आवृत्तीत त्याने दोन चित्रं कमी केली, लाल फ्रेमचा रंग उतरवला, आणि ती पास झाली. तो खूश नव्हता. 'वेग गेला', असं त्याने मला स्पष्ट सांगितलं, आणि ते खरंच होतं. वेग हा त्या इफेक्टचा जीव होता. आम्ही तो घेतला आणि त्याच्या बदल्यात प्रेक्षकाला बारकावे दिले. हा सौदा होता आणि त्यात त्याने काही गमावलं. सगळं छान जुळलं असं लिहिणं त्याच्यावर अन्याय करणं होईल.

रात्री ऑनलाइन एडिटरने पुन्हा खाली बोलावून घेतलं. एव्ही बदलली होती, पण विजेता मंचाकडे चालत जाताना मागच्या एलईडी वॉलवर जी चित्रं चालतात ती पाचही नामांकनांची आधीच तयार होती, आणि ती मूळ तुकड्यातून बनवलेली होती. जाहिरातीच्या ब्रेकआधीच्या छोट्या बंपरमध्येही तोच तुकडा होता. तिने स्वतःहून शोधलं म्हणून सापडलं. एक क्लिप सोहळ्याच्या पोटात किती ठिकाणी शिरलेली असते, हे मला त्या रात्री नीट कळलं. आम्ही बसून सगळ्या जागांची यादी केली. पाच जागा निघाल्या.

सादरीकरणाचं काम वेगळ्या प्रकारचं होतं. टूरचे स्ट्रोब सेकंदाला दहाच्या आसपास चालत होते. ब्रिटनमध्ये सभागृहांसाठीच्या मार्गदर्शनात स्ट्रोबला सेकंदाला चारपर्यंत मुभा आहे, आणि टूरवाल्यांना तो आकडा माहीत होता. त्यांचं म्हणणं, 'आम्ही चारवर आणतो.' पण टीव्हीला चार चालत नाहीत. हा एकाचा फरक समजावण्यात अर्धा तास गेला, आणि तो द्यावाच लागतो. शेवटी आमच्या लाइटिंग डिझायनरने त्यांच्या ऑपरेटरसोबत कन्सोलवर, म्हणजे दिवे चालवण्याच्या यंत्रावर, बसून नवीन शोफाइल केली, म्हणजे कुठला दिवा कधी कसा लागेल याची नोंद. स्ट्रोब सेकंदाला दोन, आणि बाकी वादळ रंग आणि धुराने उभं केलं.

शनिवारी दुपारी ड्रेस रिहर्सलचं रेकॉर्डिंग टेस्टमधून काढलं. पुन्हा एका जागी फेल. स्ट्रोब ठीक होते. दोष आमच्याच कॅमेऱ्यांच्या कटिंगमध्ये निघाला. दिग्दर्शक उजळ एलईडी वॉल आणि अंधारातली गर्दी यांच्यात ठेक्यावर कट मारत होता, आणि उजळ-काळं-उजळ हीसुद्धा टेस्टच्या लेखी चमकच असते. त्याने तिथे शॉट लांबवला. सातव्या कॅमेऱ्यावर एक 'सेफ शॉट' ठरवला: बाजूने, कमी एक्स्पोजरचा, गायिकेचा अर्धा चेहरा. काहीही वेडंवाकडं दिसलं की सरळ त्यावर जायचं.

राहिली सूचना. आता सगळं मर्यादेत आहे, मग सूचना द्यायची की नाही, यावर दोन मतं होती. मी म्हटलं द्यायची. थेट प्रक्षेपणात 'मर्यादेत आहे' हे फक्त रिहर्सलपुरतं खरं असतं. सादरीकरणाआधी तीन सेकंद, पडद्याच्या खालच्या भागात एक ओळ, असं ठरलं.

प्रसारणाची रात्र

एव्ही व्यवस्थित चालली. सभागृहात त्या थांबलेल्या चित्रांवर एक हलकी कुजबुज उठली, ती मला पीसीआरमधल्या, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षातल्या, स्पीकरवर ऐकू आली. पुरस्कार दुसऱ्या व्हिडिओला मिळाला. त्या निकालाशी या सगळ्याचा काही संबंध नव्हता.

सादरीकरण सुरू झालं. दोन कडवी रिहर्सलसारखीच गेली. शेवटच्या कडव्यात स्ट्रोब सुटले, मूळ वेगाने. टूरच्या ऑपरेटरने नवीन शोफाइल लोड केली होती, पण शेवटचा क्यू, म्हणजे दिवे बदलण्याचा ठरलेला टप्पा, त्याने सवयीने वेगळ्या बटणावर ठेवला होता आणि त्या बटणाखाली जुनीच नोंद होती. त्यामागे कुठलाही हट्ट नव्हता, ही मला खात्री आहे. शंभर कार्यक्रमांत ज्या जागी हात गेला, त्याच जागी तो गेला.

शोच्या दिग्दर्शकाने 'सात' असं ओरडून सांगितलं आणि कॅमेरे बदलणाऱ्या व्हिजन मिक्सरने कट मारला. या सगळ्यात साधारण दीड सेकंद गेला. सातव्या कॅमेऱ्यावरही पूर्ण सुटका नव्हती, कारण स्ट्रोब सगळं सभागृह उजळवत होते. पण एक्स्पोजर कमी होतं आणि चमक पडद्याच्या एका कोपऱ्यात राहिली. आमचा लाइटिंग डिझायनर कन्सोलकडे धावला. चार सेकंदांत स्ट्रोब बंद झाले. नंतर रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा मर्यादेबाहेरचा भाग दीड सेकंदाहून थोडा जास्त निघाला.

हे झाल्यावर मी लगेच रिपीट प्रसारणाची फाइल अडवली. जपानमध्ये त्या रात्री बातम्यांमध्ये तोच तुकडा पुन्हा दाखवल्याने आणखी काहींना त्रास झाल्याचं नोंदलेलं आहे, ते डोक्यात होतं. सकाळच्या रिपीटसाठी तेवढा भाग बदलून घेतला. घरी जायला निघाले तेव्हा रात्रीचा एक वाजत होता आणि मी सुटकेचा श्वास सोडला होता.

लिफ्टमध्ये फोन पाहिला. आमच्याच अधिकृत खात्यावर सादरीकरणाचा उभा व्हिडिओ होता, आणि त्यात वादळ पूर्ण वेगाने, पूर्ण पडद्यावर चाललं होतं. डिजिटल टीमने मंचाखालच्या वेगळ्या कॅमेऱ्याने तो घेतला होता. त्या कॅमेऱ्याचं चित्र पीसीआरमधून जातच नव्हतं. सेफ शॉट, एक्स्पोजर, कट, यातलं काहीच त्याला लागू नव्हतं. तो वीस मिनिटांत अपलोड झाला होता आणि खाली उतरवायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. तोवर लोकांनी तो आपापल्या खात्यांवर उचलला होता. ते परत घेता येत नाही.

डिजिटल टीम शुक्रवारच्या बैठकीला नव्हती. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून दोष त्यांना देता येत नाही. यादी माझी होती. टीव्हीच्या पडद्यावर काय जातं याचाच विचार करण्याची मला सवय होती, आणि बघणारी मुलं मात्र बहुतेक फोनवर होती.

परिणाम

कुणाला झटका आल्याची बातमी आमच्यापर्यंत आली नाही. तेवढ्यावरून कुणालाच काही झालं नाही असं मी म्हणणार नाही. घरात एखादं मूल क्षणभर भोवळल्यासारखं झालं, तर त्याचा संबंध टीव्हीशी जोडून वाहिनीला कळवणारे पालक किती असतील?

एक पत्र आलं. तेरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांचं. मुलीला प्रकाशसंवेदी अपस्मार आहे आणि ती त्या गायिकेची चाहती आहे. चमका दिसल्याबरोबर तिने शिकवल्याप्रमाणे एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबला आणि तोंड फिरवलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नुसते दोन्ही डोळे मिटून उपयोग होत नाही, पापण्यांतूनही चमक आत जाते. एक डोळा पूर्ण झाकून मान वळवावी. तिला काही झालं नाही. वडिलांची तक्रार सूचनेबद्दल होती. त्यांनी लिहिलं होतं की ओळ बारीक होती, तीनच सेकंद होती, आणि तेवढ्यात मुलगी हातातल्या फोनवर मैत्रिणीला उत्तर देत होती. 'सूत्रसंचालकाने तोंडाने एक वाक्य सांगितलं असतं, तर तिने मान वर करून ऐकलं असतं.'

या पत्रातला शब्दन्‌शब्द बरोबर होता. आम्ही तासभर वाद घातला तो सूचना द्यायची का यावर. ती कशी पोहोचेल यावर पाच मिनिटंही बोललो नव्हतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक गुरुवारच्या कितीतरी आधीची आहे. प्रवेशअर्जात आम्ही रिझोल्यूशन विचारायचो, आवाजाची पातळी विचारायचो, हक्कांची कागदपत्रं मागायचो. चमकांबद्दल एक शब्द नव्हता. तीन महिने आधी प्रत्येक प्रवेशिका टेस्टमधून काढली असती, तर त्या दिग्दर्शकाला आपला सात सेकंदांचा तुकडा कापायला एका दुपारऐवजी आठवडे मिळाले असते. कदाचित त्याने वेगही राखला असता. मला अजूनही हळहळ वाटते ती याची. मर्यादा आवश्यक होती यात शंका नाही, पण ती उशिरा सांगून आम्ही तिला शिक्षेचं रूप दिलं.

दुसरी गोष्ट डिलेची. डिले म्हणजे थेट चित्र काही सेकंद उशिराने घरी पोहोचवणं. त्या वर्षी प्रक्षेपण डिलेशिवाय होतं, खर्च आणि मतदानाच्या वेळा जुळवण्याचं कारण देऊन. दहा सेकंदांचा डिले असता तर तो दीड सेकंद घराघरांत पोहोचलाच नसता. पैशांच्या बैठकीत हा मुद्दा मी मांडला होता, पण 'शिव्यांसाठी', म्हणजे मंचावर कुणी शिवी दिली तर ती कापता यावी, म्हणून मांडला होता. चमकांसाठी म्हणून मांडला असता तर निर्णय वेगळा झाला असता का, सांगता येत नाही. मांडायला मात्र हवा होता.

कन्सोलबद्दल आमच्या लाइटिंग डिझायनरचं मत मला पटतं. पाहुण्या टीमची जुनी शोफाइल नुसती बाजूला ठेवून चालत नाही, ती यंत्रातून काढावी लागते. आणि स्ट्रोबची वेगमर्यादा क्यूमध्ये न ठेवता दिव्याच्या सेटिंगमध्येच बांधावी, म्हणजे कुठलंही बटण दाबलं तरी त्यापुढे जाता येत नाही. माणसाच्या सवयीशी भांडण्यापेक्षा हे सोपं आहे.

चौथ्या पर्यायाबद्दल, म्हणजे लहान चौकटीबद्दल, माझं मत नंतर थोडं हललं. लाल फ्रेम काढून, चौकट फारच लहान ठेवून, बाजूला थांबलेली चित्रं मोठी दाखवली असती, तर वेग आणि बारकावे दोन्ही मिळाले असते का? टेस्टमध्ये कदाचित पास झालं असतं. तरीही आज कुणी विचारलं तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. फोनवर पडदा डोळ्यांपासून एक वीत अंतरावर असतो आणि तिथे लहान चौकट लहान राहत नाही. पण शुक्रवारी मी तो पर्याय फार झटकन बाजूला सारला, आणि शोच्या दिग्दर्शकाला त्याचं कारण नीट सांगितलं नाही. तो नाराज होता आणि त्याला तसं वाटणं बरोबर होतं.

पुढच्या वर्षी प्रवेशअर्जात चमकांची ओळ आली, आकड्यासकट. पहिल्याच फेरीत काही व्हिडिओ फेल झाले, पण त्यांच्या दिग्दर्शकांकडे वेळ होता आणि बहुतेकांनी स्वतःच पर्यायी तुकडे पाठवले. त्या वादळाच्या दिग्दर्शकाचाही एक व्हिडिओ त्यात होता. त्याने अर्जासोबत टेस्टचा निकाल जोडला होता, न मागता. डिजिटलचा उभा कॅमेरा आता पीसीआरमधून जातो, आणि त्या टीमचा माणूस पहिल्या बैठकीपासून असतो. सूचना सूत्रसंचालक बोलून देतो, गाण्याच्या आधीच्या ब्रेकपूर्वी एकदा आणि गाण्याआधी एकदा. स्ट्रोब असलेली सादरीकरणं साधारण किती वाजता आहेत ते सोहळ्याच्या दिवशी सकाळी जाहीर होतं.

त्या वडिलांना मी ती वेळापत्रकाची ओळ वेगळी पाठवली. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: त्या वर्षी अशी दोनच गाणी आहेत, तेवढ्या वेळात मुलगी स्वयंपाकघरात बसून नुसतं ऐकणार आहे, आणि बाकीचा सोहळा मैत्रिणींसोबत बघणार आहे.